एओविन येतंय: आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून वादळाचा मागोवा

गॉलवेकरीण | २२ जानेवारी २०२५, संध्याकाळी ७.४० (आयर्लंड)

मंडळी, हा धागा दोन-तीन दिवस वर राहू द्या अशी विनंती.

शुक्रवारी पहाटे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठं वादळ येतंय. नाव एओविन. ब्रिटिश हवामान खात्याने काल, २१ तारखेला हे नाव दिलं तेव्हा समुद्रावर बोट दाखवावं असं काही नव्हतं. वादळ होतं ते फक्त संगणकाच्या गणितात. आज युरोपचं, अमेरिकेचं, ब्रिटनचं, सगळी गणितं एकच गोष्ट सांगतायत. नऊ वर्षं इथे राहतेय, अंदाजांची इतकी एकवाक्यता मी क्वचित पाहिली आहे.

आमचं घर गॉलवे शहराच्या पश्चिमेला, स्पिडलच्या रस्त्यावर. समोर गॉलवेचा उपसागर, मग अॅरन बेटं, आणि त्यांच्या पलीकडे थेट कॅनडापर्यंत पाणीच. नवरा इस्पितळात नोकरीला आहे, उद्या त्याची रात्रपाळी. घरी मी आणि सात वर्षांचा मुलगा.

डिसेंबरात डॅरा वादळ येऊन गेलं तेव्हा मी एक गोष्ट शिकले. आमचं पाणी विहिरीचं, पंप विजेवर. लाईट गेली की अर्ध्या तासात नळ कोरडे. आज दुपारीच बादल्या, पातेली, आंघोळीचा टब, सगळं भरून ठेवलंय.

मी इथले आकडे टाकत राहीन. हवामानवेडा, कप्तानकाका, जागे असाल तर या.

हवामानवेडा | २३ जानेवारी, रात्री १.५५ (भारत)

ताई, आलो. दोन दिवस हेच बघतोय.

मूळ समजायला अमेरिकेच्या दक्षिण टोकाला जावं लागेल. २१ तारखेला न्यू ऑर्लिन्समध्ये बर्फ पडला, फ्लोरिडाच्या उत्तर भागातही पडला. ध्रुवाकडची गार हवा थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरली होती. तिच्या शेजारीच उबदार, ओली हवा. दोन हवांच्या तापमानातली तफावत जितकी मोठी तितका वरचा वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, जोरकस. सध्या अटलांटिकवर नऊ-दहा किलोमीटर उंचीवर हा वारा ताशी ३५० किमीच्या पुढे आहे.

पेटत्या चुलीवरच्या धुराड्याला चांगली ओढ असली की खालून हवा भराभर खेचली जाते. जेट स्ट्रीमच्या एका विशिष्ट कोपऱ्याखाली कमी दाबाचं क्षेत्र सापडलं की त्याचंही तसंच होतं. वरून हवा उपसली जाते, खाली दाब कोसळतो. एओविन नेमकं त्या कोपऱ्याखाली चाललंय.

साठ अंश अक्षांशावर २४ तासांत २४ हेक्टोपास्कल दाब उतरला तर हवामानशास्त्रात त्याला ‘बॉम्ब’ म्हणतात. हा शब्द १९८० सालच्या एका शोधनिबंधाने रूढ केला. एओविनसाठी अंदाज आहे तो २४ तासांत ५० च्या आसपास. दुप्पट.

कप्तानकाका | २३ जानेवारी, सकाळी ६.१० (भारत)

वाचलं. मी समुद्रावर ३४ वर्षं काढली, त्यातले पंधराएक हिवाळे उत्तर अटलांटिकमध्ये.

गॉलवेकरीण, तुमच्या घरी साधा बॅरोमीटर आहे का? असेल तर दर तासाला वाचा आणि वहीत लिहा. जहाजांसाठीच्या ब्रिटिश बातमीपत्रात दाब ‘फार वेगाने’ उतरतोय असं म्हणतात तेव्हा अर्थ ठरलेला असतो: तीन तासांत सहा हेक्टोपास्कलहून जास्त. तेवढ्यावर आम्ही डेकवरची प्रत्येक वस्तू पुन्हा एकदा आवळायचो. तुम्हाला आज रात्री याच्या दुप्पट, कदाचित त्याहून जास्त दिसेल. घाबरू नका, ते अपेक्षित आहे.

दुसरं. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की आपल्या गोलार्धात कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं. बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने हे १८५७ मध्ये मांडलं. तुमच्याकडे आधी आग्नेयेचा वारा असेल, मग दक्षिणेचा. तो नैर्ऋत्येकडे वळू लागला की समजा केंद्र तुमच्या वायव्येला पोचलं. खरा मार तिथून पुढे. दाब चढायला लागला म्हणून सुटलो असं समजून दार उघडू नका. सर्वात वाईट झोत बहुधा दाब वर जाताना येतात.

सई_ठाणे | २३ जानेवारी, सकाळी ९.२० (भारत)

काका, मी एरवी फक्त वाचते. माझा धाकटा भाऊ बल्क कॅरिअरवर थर्ड मेट आहे. जहाज रॉटरडॅमहून रिकामं निघालं, कॅनडाला खनिज भरायला. मी मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघते. काल संध्याकाळी तो फ्रान्सच्या टोकाजवळ, उशांत बेटाच्या पश्चिमेला दिसला. त्यानंतर ठिपका हललाच नाही. ‘शेवटची नोंद १४ तासांपूर्वी’ असं येतंय. आईला अजून सांगितलेलं नाही. याचा अर्थ काय घ्यायचा?

कप्तानकाका | २३ जानेवारी, सकाळी ९.३५ (भारत)

सई, आधी हे वाच: ठिपका थांबला म्हणजे जहाज थांबलं असं अजिबात नाही.

प्रत्येक मोठं जहाज आपली जागा, वेग, दिशा रेडिओवर सांगत राहतं. त्याला एआयएस म्हणतात. किनाऱ्यावरच्या अँटेनाला ते साधारण ४०-५० सागरी मैलांपर्यंत ऐकू येतं. त्यापुढे फक्त उपग्रहाला, आणि ती माहिती फुकटच्या अॅपवर नसते. तुझ्या भावाचं जहाज किनाऱ्याच्या कानाबाहेर गेलं, इतकाच त्याचा अर्थ.

शेवटच्या नोंदीत ‘कोर्स’ म्हणून आकडा असेल. तो सांग.

सई_ठाणे | २३ जानेवारी, सकाळी ९.४१ (भारत)

२२४ आहे.

कप्तानकाका | २३ जानेवारी, सकाळी १०.०५ (भारत)

छान. २२४ म्हणजे नैर्ऋत्य. कॅनडाचा जवळचा रस्ता तिथून पश्चिमेला, किंचित उत्तरेलाच वळतो. म्हणजे कॅप्टनने सरळ रस्ता सोडला आणि तो दक्षिणेला उतरतोय, बहुतेक अझोरेस बेटांच्या रोखाने. दोन दिवस जास्त लागतील, तेल जास्त जळेल, पण हा निर्णय शहाण्या माणसाचा आहे.

रिकामं जहाज वादळात भरलेल्यापेक्षा जास्त त्रास देतं. पाण्याबाहेर उंच असतं, वारा धरतं. मागचा पंखा लाटेवर हवेत निघतो तेव्हा इंजिन एकदम सुसाट पळतं. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, आपटते तेव्हा अख्ख्या जहाजातून थरथर जाते, बंकवर झोपलेला माणूस उठून बसतो. म्हणून रिकाम्या जहाजाला कोणी मुद्दाम त्या पट्ट्यात नेत नाही. आजकाल किनाऱ्यावर बसून जहाजांना रस्ता सांगणाऱ्या संस्था असतात, त्या चार-पाच दिवस आधी सांगतात.

आईला सांग. म्हणावं, जहाज दक्षिणेला वळलंय.

मनवा | २३ जानेवारी, दुपारी ३.४५ (भारत)

आत्ता बातमी वाचली, आयर्लंडच्या सगळ्या २६ परगण्यांना रेड अलर्ट. शाळा, बस, ट्रेन, दुकानं बंद. अख्खा देश एका वाऱ्यासाठी बंद करणं जरा जास्त होत नाही का? मुंबईत २६ जुलैच्या पुरात लोक कंबरभर पाण्यातून चालत घरी गेले होते.

गॉलवेकरीण | २३ जानेवारी, सकाळी १०.४० (आयर्लंड)

मनवा, मुंबईत त्या दिवशी लोक चालत घरी गेले कारण त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं. ते धैर्य होतं, पण ते धैर्य दाखवायची वेळ येऊ नये यासाठीच हा सगळा खटाटोप.

इथले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना झाडं, विजेच्या तारा लाकडी खांबांवरून गेलेल्या. वादळात माणसं दगावतात ती बहुतेक रस्त्यावर, गाडीत, झाडाखाली. माणूस घरात असला की निम्मं काम झालं.

हवामानवेडा | २३ जानेवारी, दुपारी ४.३० (भारत)

ताईंच्या म्हणण्यात एक भर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० किमीच्या वाऱ्याची सवय असलेल्या झाडाला १८० च्या झोतात चौपट धक्का बसतो. त्यामुळे ‘आम्ही पुष्कळ वादळं पाहिलीत’ हा अनुभव इथे कामाला येत नाही.

श्रीवर्धनकर | २३ जानेवारी, संध्याकाळी ६.१५ (भारत)

मनवाताई, ३ जून २०२० ला आमच्याकडे निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी दोन-तीन तासांचा खेळ. आजोबांनी लावलेली पोफळीची बाग आडवी झाली, कौलं पत्त्यासारखी उडाली, आणि लाईट यायला महिना उलटून गेला. पण गावातली माणसं आदल्या दिवशी शाळेत नि पक्क्या घरांत हलवली होती, म्हणून माणसं राहिली. बाग परत लावली. बंद ठेवलेलं बरं.

गॉलवेकरीणताई, एक विचारतो. वाऱ्याचं सगळे बोलतायत, पाण्याचं कोणी बोलत नाही. तुमच्याकडे अमावास्येला भरती किती वाजता भरते?

गॉलवेकरीण | २३ जानेवारी, दुपारी १.०५ (आयर्लंड)

अमावास्या-पौर्णिमेला साधारण पाच वाजता, पहाटे आणि संध्याकाळी. का हो?

श्रीवर्धनकर | २३ जानेवारी, संध्याकाळी ७.०० (भारत)

आमच्याकडे अमावास्येला दुपारी बाराच्या सुमाराला भरते. पुढे तिथीची पाऊणपट करायची नि बारात मिळवायची. पंचमी असेल तर पावणेचार. होडीवाले लहानपणापासून हेच शिकतात, घड्याळ नसलं तरी अडत नाही.

तुमचा आरंभ पाचला, तर तिथून मोजू. उद्या पौष वद्य दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. पाच अधिक साडेसात, साडेबारा. म्हणजे आज मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या आगेमागे तुमच्याकडे भरती पूर्ण, आणि सव्वासहा-साडेसहानंतर पूर्ण ओहोटी. वारा शिगेला पोचणार पहाटे चार ते सहा म्हणतायत, त्या वेळी पाणी उतरत असेल.

शिवाय अष्टमी नुकतीच गेली, म्हणजे भांगाची, कमी चढणारी भरती. उधाणाची नाही. हेच वादळ पाच दिवसांनी, अमावास्येच्या उधाणावर आलं असतं तर मी तुम्हाला आजच घर सोडा म्हटलं असतं.

हवामानवेडा | २३ जानेवारी, संध्याकाळी ७.२० (भारत)

श्रीवर्धनकर, तुमचं गणित वाचून मी भरतीचं छापील कोष्टक उघडलं. थोडक्या मिनिटांच्या फरकाने तेच. हात जोडतो.

हे इतकं महत्त्वाचं का ते सांगतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र जवळपास एक सेंटिमीटर फुगतो. दाब नेहमीपेक्षा ५०-६० ने कमी झाला की केवळ त्यामुळेच अर्धा मीटर पाणी वर. त्यावर पश्चिमेचा वारा उपसागराच्या निमुळत्या तोंडातून पाणी आत ढकलतो. त्यावर लाटा. हा सगळा फुगवटा भरतीच्या माथ्यावर बसला की समुद्र गावात येतो. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात तेच झालं: हिवाळी वादळ आणि उधाण एकाच वेळी. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७. पुढे डच लोकांनी समुद्राला अडवणारी ती प्रचंड धरणं बांधली ती त्या रात्रीमुळे.

बेलफास्टवासी | २३ जानेवारी, संध्याकाळी ६.२० (उत्तर आयर्लंड)

इथे आत्ता सगळ्यांचे फोन एकाच वेळी भोंग्यासारखे वाजले. सरकारी इशारा, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या सुमारे ४५ लाख लोकांना. आमच्याकडे उद्या सकाळी ७ ते दुपारी २ रेड. सासूबाई दोन महिन्यांसाठी आल्यात, त्या आवाजाने दचकल्या. त्यांना मराठीत वाचून दाखवलं. म्हणाल्या, आपल्याकडे निसर्गाच्या वेळी असं वाजलं असतं तर बरं झालं असतं.

गॉलवेकरीण | २३ जानेवारी, रात्री १०.१५ (आयर्लंड)

काकांच्या सांगण्यावरून बॅरोमीटर स्वयंपाकघरात आणून ठेवलाय. संध्याकाळी सहापासून वही चालू आहे. सहा ते नऊ मध्ये ९ ने उतरला. बाहेर वारा फार नाही, नुसता पाऊस आणि अंगावर येणारी शांतता. नवरा आठलाच गेला, रेडच्या वेळेत कोणी रस्त्यावर नको म्हणून इस्पितळाने सकाळची माणसंही रात्रीच बोलावून घेतली.

किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात इथल्या सागरी संस्थेचे बोये, म्हणजे तरंगती मोजयंत्रं, आहेत. एम-६ सर्वांत पश्चिमेला, एम-४ डोनेगॉलच्या बाहेर. वादळ आधी त्यांच्यावरून जातं. दर तासाला दाब, वारा, लाट. या एम-४ वरच १३ डिसेंबर २०११ ला २०.४ मीटरची लाट मोजली गेली होती, सहा-सात मजल्यांची इमारत. आत्ता एम-६ चा दाब बघतेय, रेषा जिना उतरावा तशी नाही, कड्यावरून पडावी तशी आहे.

कप्तानकाका | २४ जानेवारी, पहाटे ४.३० (भारत)

जागा आहे. झोप लागणार नव्हतीच.

जहाजांसाठीचं ताजं बातमीपत्र वाचलं. शॅनन, रॉकॉल, मालिन या सागरी विभागांसाठी ‘हरिकेन फोर्स १२’. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या मापात १२ च्या पुढे आकडाच नाही. (ते माप ज्याच्या नावाचं तो बोफर्ट आयर्लंडचाच, नॅव्हन गावचा.) समुद्रासाठी शब्द वापरलाय ‘फिनॉमिनल’. तो शब्द कोणी उगाच लिहीत नाही, त्याचा अर्थ १४ मीटरच्या वर. आणि ही लाट म्हणजे सर्वात उंच लाट नव्हे, सगळ्या लाटांतल्या वरच्या एक तृतीयांशांची सरासरी. एखादी सुटी लाट याच्या दुप्पट उठू शकते.

मी एकदाच तो शब्द छापलेला असताना त्या विभागात होतो. इंजिन हळू, तोंड लाटांना, १९ तास जागच्या जागी. १९ तासांत आम्ही चार मैल मागे गेलो. तेव्हा घरी कोणाला कळवायची सोय नव्हती. सई, आज तुला कोर्सचा आकडा तरी मिळाला, त्याचं मला फार बरं वाटलं.

गॉलवेकरीण | २४ जानेवारी, पहाटे ३.२० (आयर्लंड)

गेल्या तीन तासांत १७ ने खाली. वारा दक्षिणेचा. घर आवाज करायला लागलंय. मुलाला जिन्याखालच्या जागेत गादी घालून झोपवलंय, तो झोपलाय. लाईट आहे.

गॉलवेकरीण | २४ जानेवारी, पहाटे ४.२५ (आयर्लंड)

लाईट गेली. वारा वळला, नैर्ऋत्य. बॅरोमीटर ९६० च्या जवळ थांबलाय. काका, तुम्ही म्हणालात तसंच.

हवामानवेडा | २४ जानेवारी, सकाळी १०.०५ (भारत)

ताई, फोनची बॅटरी वाचवा. उत्तर देऊ नका, फक्त वाचा.

उपग्रहाच्या चित्रात केंद्राभोवती ढगांचा पट्टा आकड्यासारखा वळलाय आणि त्याच्या टोकाला ढग फाटल्यासारखे दिसतायत. याला नांगी म्हणतात, विंचवाची. तिथे चार-पाच किलोमीटर उंचीवरची हवा जमिनीकडे उतरते. वाटेत पाऊस-बर्फाची वाफ होते, त्याने ती हवा आणखी गार, आणखी जड होते आणि जोराने खाली येते. १९८७ च्या इंग्लंडमधल्या वादळाचा पुढे अभ्यास झाला त्यातून हे उलगडलं. पट्टा अरुंद असतो, वेळही थोडा. तुमच्याकडे पुढचा दीड तास सर्वात कठीण. खिडकीपासून लांब.

हवामानवेडा | २४ जानेवारी, सकाळी ११.२० (भारत)

मेस हेड: १८३.

पुन्हा लिहितो. गॉलवेच्या पश्चिमेला, कार्ना गावाजवळच्या मेस हेड केंद्रावर ताशी १८३ किमीचा झोत नोंदला गेला. आकडा अजून तपासायचा आहे, पण आयर्लंडचा आधीचा विक्रम १८२ चा होता, जानेवारी १९४५, फॉइन्स. ८० वर्षं टिकलेला. आणि नुसता झोतच नाही, दहा मिनिटांच्या सरासरी वाऱ्याचा जुना विक्रम १३१ चा, तोही फॉइन्सचा त्याच दिवसाचा, आज मोडला.

मनवा | २४ जानेवारी, सकाळी ११.४० (भारत)

काल मी जे लिहिलं ते मागे घेते. ताई कशा आहेत? कोणाकडे त्यांचा नंबर आहे का?

एक शंका. २०१७ मध्ये ओफेलिया वादळाच्या वेळी १९१ चा आकडा वाचल्याचं आठवतं. मग विक्रम १८२ चा कसा?

हवामानवेडा | २४ जानेवारी, सकाळी ११.५५ (भारत)

तो आकडा फास्टनेटच्या दीपगृहावरचा. समुद्रातल्या एका सुळक्यावर, उंचावर बसवलेलं यंत्र. विक्रम मोजतात तो जमिनीवर, ठरलेल्या उंचीवर, मोकळ्या जागेत. जितकं वर जाल तितका वारा जास्त, म्हणून दोन्ही आकडे एका रांगेत बसवत नाहीत.

ताईंची वाट बघतोय.

बेलफास्टवासी | २४ जानेवारी, सकाळी ११.१० (उत्तर आयर्लंड)

आमच्याकडे आता जोरात आहे. समोरच्या घराचं छप्पर सुटतंय, आम्ही मागच्या खोलीत. लाईट सकाळीच गेली. ताईंचं काही कळलं का?

सई_ठाणे | २४ जानेवारी, संध्याकाळी ६.३० (भारत)

ताईंसाठी देवापाशी दिवा लावलाय. भावाचंही अजून काही नाही, पण काका म्हणाले तसं आईला सांगितलं, ती शांत आहे.

गॉलवेकरीण | २४ जानेवारी, संध्याकाळी ५.५० (आयर्लंड)

आम्ही सुखरूप आहोत. सकाळी सहापासून नेटवर्क नव्हतं, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या. आत्ता शेजाऱ्यांच्या गाडीतून टेकडीवर येऊन लिहितेय.

पाच ते सहा. तो तास मी आयुष्यात विसरणार नाही. झोत येण्याआधी लांबून मालगाडी आल्यासारखं ऐकू यायचं, मग घर दबायचं, कान दुखायचे. दोनदा वाटलं छप्पर गेलं. कौलं गेली, पत्र्याची शेड गेली, ती कुठे गेली ते सापडलेलं नाही. मुलगा उठला, माझ्या मांडीवर बसून राहिला, मी त्याला बॅरोमीटर वाचायला शिकवला. काटा वर चढताना त्याने पाहिला.

पाण्याचं: श्रीवर्धनकर, तुमच्यामुळे एक भीती कमी होती. दिवस उजाडल्यावर पाहिलं. समुद्र रस्त्यापर्यंत आला होता, शेवाळ आणि दगड रस्त्यावर पडलेत, पण तो घरांत शिरला नाही. खाली एक म्हातारे गृहस्थ भेटले, जन्म याच किनाऱ्यावरचा. म्हणाले, ओहोटीने वाचवलं. तुमचेच शब्द, दुसऱ्या भाषेत.

नवरा इस्पितळात ठीक.

कप्तानकाका | २४ जानेवारी, रात्री ११.४५ (भारत)

आता झोपतो.

सई_ठाणे | २५ जानेवारी, दुपारी १२.१० (भारत)

भावाचा मेसेज! जहाज अझोरेसच्या जवळ आहे. लाटा मोठ्या, जहाज सारखं लोळतंय, कोणाला धड जेवता येत नाही, पण सगळे ठीक. कॅप्टनने बुधवारीच दक्षिणेचा रस्ता धरला होता. काका, तो विचारतोय की तुम्ही २२४ वरून कसं ओळखलं. मी हा धागा त्याला पाठवलाय.

बेलफास्टवासी | २५ जानेवारी, दुपारी २.०० (उत्तर आयर्लंड)

आमची लाईट आली. उत्तर आयर्लंडमध्ये दोन लाख ८० हजारांहून जास्त ग्राहक अंधारात गेले होते, दक्षिणेत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात, सात लाख ६८ हजार. डोनेगॉलमध्ये गाडीवर झाड पडून एक विशीतला मुलगा गेला. स्कॉटलंडमध्ये ड्रमाल्बिनला ताशी १६१ किमीचा झोत.

हवामानवेडा | २६ जानेवारी, सकाळी ९.०० (भारत)

तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ असते, ६ जानेवारी १८३९ ची. तिची गोष्ट मला फार आवडते. १९०९ मध्ये ७० वर्षांवरच्या लोकांना पेन्शन सुरू झालं, पण आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माच्या नोंदी १८६४ पासूनच्या. मग वय सिद्ध कसं करायचं? तर ज्याला मोठा वारा आठवतो तो सत्तरीचा, असं मानलं जाऊ लागलं. आपल्याकडे ‘रामदास बोट बुडाली त्या साली जन्मलो’ म्हणतात तसंच.

श्रीवर्धनकर | २६ जानेवारी, सकाळी १०.२० (भारत)

आमची आजी प्लेगच्या साली जन्मली असंच सांगायची. सरकारी कागदावर तारीख पडली ती मास्तरांच्या मनाने.

ताई, झाडं किती गेली? आमच्याकडे त्याचंच दुःख सर्वात लांबलं.

गॉलवेकरीण | २ फेब्रुवारी, दुपारी ३.३० (आयर्लंड)

दहावा दिवस. लाईट नाही.

झाडांचं विचारलंत. स्प्रूसची अख्खी रानं झोपलीत, सगळे बुंधे एकाच दिशेला, ईशान्येला. सुपारीच्या बागेचं तुम्ही लिहिलं होतं ते इथे उभी राहून पुन्हा आठवलं. इथली तारांची दुरुस्ती लांबली तीही त्यामुळेच, आधी झाडं कापायची, मग खांब. ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रियाहून पथकं आलीत. काल आमच्या रस्त्यावर फ्रेंच मंडळी होती, मी त्यांना चहा आणि थालीपीठ दिलं.

पाणी गावच्या सभागृहातून आणतो. तिथे जनरेटर, गरम सूप, फोन चार्ज करायला जागा. शेजारच्या गल्लीत ८६ वर्षांच्या बाई एकट्या असतात, त्यांच्याकडे दिवसातून दोनदा जाते. वादळाच्या रात्री मला त्यांची आठवण झाली नव्हती, हे मनाला लागून राहिलंय. पुढच्या वेळी बादल्या भरायच्या आधी त्यांना घरी आणायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. तीन दिवसांत येणाऱ्या वाऱ्याचं सगळे बोलतो, नंतरच्या तीन आठवड्यांच्या अंधाराबद्दल कोणी इशारा देत नाही. यावर इथल्या परिषदेच्या सभेत बोलणार आहे.

गॉलवेकरीण | ७ फेब्रुवारी, रात्री ९.१० (आयर्लंड)

सव्वाआठला दिवे लागले. पंप सुरू झाला, नळातून आधी हवा आली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. मुलगा न्हाणीघरात गरम पाण्याखाली उभा आहे, अर्धा तास झाला, मी त्याला हाक मारलेली नाही.

काका, वही जपून ठेवली आहे. शेवटच्या ओळी मुलाच्या अक्षरातल्या आहेत: पहाटे ६ वाजता ९६९, ७ वाजता ९७७.